दगडातली गाठ : धाराशिवचे जैन लेणे

सोलापूरकरांना तुळजापूरचा रस्ता नव्याने सांगावा लागत नाही. कोजागिरीच्या आसपास हजारो माणसे रात्रभर चालत याच रस्त्याने भवानीच्या दर्शनाला जातात. बहुतेकांची वाट तिथेच संपते. तुळजापूरच्या पुढे वीस-बावीस किलोमीटरवर धाराशिव आहे आणि त्या शहराबाहेर, बालाघाटाच्या डोंगररांगेत, एका ओढ्याच्या काठावर लेण्यांचा एक गट आहे. सोलापूरहून सकाळी निघालेला माणूस लेणी पाहून दुपारच्या जेवणाला घरी परतू शकतो. तरीही वेरूळ-अजिंठ्याच्या सहली काढणाऱ्या आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या यादीत हे ठिकाण क्वचितच असते, याचे मला वाईट वाटते. कारण मराठवाड्याच्या या कोपऱ्यात एक जैन मंदिर असे आहे की त्याची रचना समजून घ्यायची तर एक हजार वर्षांपूर्वीचे काव्य उघडावे लागते, आणि ते काव्य समजून घ्यायचे तर या लेण्याच्या ओलसर अंधारात उभे राहावे लागते.

जैन मंदिर म्हटले की सोलापूरच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर शिखर येते, पुढे मानस्तंभ, आत संगमरवरी वेदी. धाराशिवला यातले काहीच नाही. उंची नाही, शिखर नाही, दुरून ओळखू येईल असा आकारही नाही. सगळी वास्तू डोंगराच्या पोटात आडवी पसरलेली आहे. दुसऱ्या क्रमांकाचे लेणे त्यांत सर्वांत मोठे. पुढे लांबच लांब ओसरी, तिच्या मागच्या भिंतीत दारे, आणि दारांतून आत गेल्यावर सुमारे ऐंशी फूट लांबी-रुंदीचे दालन. बत्तीस खांब दोन चौकोनांत उभे आहेत, एका चौकोनाच्या आत दुसरा. दालनाच्या भिंतींत छोट्या खोल्या आहेत आणि मागच्या भिंतीच्या मधोमध गाभारा. गाभाऱ्यात काळवंडलेली, पद्मासनात बसलेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आणि तिच्या मस्तकावर नागफणा.

मोजमापात एक गंमत आहे. दालन दिसायला चौरस वाटते, पण दाराजवळ त्याची रुंदी ७९ फूट आहे आणि मागच्या भिंतीशी ८५ फूट. आत जाता जाता दोन्ही बाजूच्या भिंती एकमेकींपासून लांब सरकत गेल्या आहेत. मला यात काम करणाऱ्यांचा हात दिसतो. दारातून येणारा उजेड आत जाईल तसा कमी होतो, पाथरवटांच्या दोन टोळ्या दोन भिंतींवर स्वतंत्रपणे काम करत असतात, आणि ऐंशी फुटांत सहा फुटांचा फरक पडला तरी खांबांच्या गर्दीत तो कुणाच्या लक्षात येत नाही. आज आपण खांबांच्या मधून चालताना तो फरक डोळ्यांना कळत नाही, मोजपट्टी लावली की कळतो.

या लेण्यांची मोजमापे घेऊन पहिली सविस्तर नोंद केली ती जेम्स बर्जेसने. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील पुरातन वास्तूंवरचा त्याचा अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. बर्जेसने पाहिले ते एक पडझड झालेले लेणे. इथला दगड वेरूळसारखा एकसंध आणि चिवट नाही, तो भुसभुशीत आहे. दर्शनी भाग ढासळलेले, खांब झिजलेले, आत माती आणि ओल. इमारतीचे वर्णन त्याने नेमके केले, पण ती कुणी आणि का कोरली याचे उत्तर दगडाकडून मिळत नव्हते. शिलालेखाने राजाचे नाव सांगावे, तसे इथे झाले नाही.

उत्तराचा एक धागा सापडला तो विदर्भात, कारंजा लाड येथे. कारंजा हे दिगंबर जैन भट्टारकांचे जुने पीठ, आणि तिथल्या मंदिरांत हस्तलिखितांचे समृद्ध भांडार. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक हीरालाल जैन यांनी तिथल्या अपभ्रंश ग्रंथांवर वर्षानुवर्षे काम केले. अपभ्रंश ही प्राकृत आणि आजच्या मराठी-हिंदी-गुजराती यांच्या मधल्या काळातली साहित्यभाषा. १९३४ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत हीरालालजींनी 'करकंडचरिउ' हे काव्य संपादित करून प्रसिद्ध केले. मुनी कनकामर हे त्याचे कवी. काळ अकराव्या शतकाचा, रचना दहा संधींची, म्हणजे सर्गांची. कनकामर मूळचे ब्राह्मण कुळातले, पुढे दिगंबर मुनी झाले.

काव्याचा नायक राजा करकंड. हा राजा जैनांचा एकट्यांचा नाही. बौद्ध जातकांतही तो आहे, जैन आगमांतही आहे. दोन्ही परंपरा त्याला 'प्रत्येकबुद्ध' मानतात, म्हणजे गुरूच्या उपदेशाशिवाय, एखाद्या साध्या घटनेतून वैराग्य आलेला. तेव्हा तो ऐतिहासिक राजा म्हणून कधी होऊन गेला, हे शोधण्यात अर्थ नाही. पण कनकामरांनी या पुराणपुरुषाला दक्षिणेच्या दिग्विजयावर काढले आणि वाटेत 'तेरापुर' नावाच्या नगराजवळ त्याचा तळ पडल्याचे सांगितले. तिथून कथा एकदम जमिनीवर उतरते.

तेरापुरचा राजा शिव करकंडाला भेटायला येतो आणि सांगतो, इथून पश्चिमेला एक डोंगर आहे, त्यात हजार खांबांचे लेणे आहे. त्याच डोंगरावर एक वारूळ आहे आणि एक पांढरा हत्ती रोज तळ्यातून सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येतो, त्या वारुळावर पाणी शिंपडतो, कमळ वाहतो आणि जातो. करकंड डोंगरावर जातो, लेण्यातल्या जिनाचे दर्शन घेतो, मग वारूळ खोदायला लावतो. आत पार्श्वनाथांची मूर्ती मिळते. ती वाजतगाजत लेण्यात आणून ठेवली जाते.

वारूळ इथे उगाच आलेले नाही. मराठी माणसाला वारूळ म्हणजे नागाचे घर, नागपंचमीला दूध-लाह्या वाहण्याची जागा. देव वारुळातून प्रकटल्याच्या कथा आपल्याकडे कितीतरी दैवतांना जोडलेल्या आहेत, आणि वारूळ हे भूमीचे रूप कसे मानले गेले याचा मागोवा रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'त घेतला आहे. पार्श्वनाथ हे चोवीस तीर्थंकरांपैकी नागाशी जोडलेले तीर्थंकर. त्यांच्या मस्तकावर धरणेंद्र नागाने छत्र धरले. फणाधारी जिनाची मूर्ती सापडायची तर वारुळातच सापडली पाहिजे, हे कनकामरांनी आणि त्यांच्या आधी ही कथा सांगणाऱ्या भाविकांनी अचूक जाणले होते.

कथेचा सर्वांत विलक्षण भाग याच्या पुढे आहे. राजा लेण्यातली जुनी मूर्ती न्याहाळत असताना त्याला सिंहासनावर दगडाची एक गाठ दिसते. इतक्या सुबक कामात ती गाठ त्याला खुपते. तो एका म्हाताऱ्या पाथरवटाला बोलावून विचारतो. पाथरवट सांगतो, लेणे कोरताना इथे पाण्याचा झरा लागला होता, तो अडवण्यासाठी ही गाठ ठेवली आहे, ती फोडू नये. राजा ऐकत नाही. घण पडतो, गाठ फुटते आणि पाण्याचा लोट बाहेर पडून सगळे लेणे भरून जाते. राजाला पश्चात्ताप होतो. मग नागकुमार देव प्रकट होऊन त्याला त्या जागेचा पूर्वेतिहास सांगतो, आणि राजा तिथेच नवी लेणी कोरवून घेतो.

ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्यातल्या नागकुमारापेक्षा तो पाथरवट मनात राहिला. राजाचे चरित्र गाणाऱ्या काव्यात राजा चुकतो आणि कारागीर बरोबर ठरतो. शिवाय कारागिराचे म्हणणे निव्वळ कथेतले नाही. ते लेणे कोरण्याच्या रीतीशी आणि या डोंगराच्या घडणीशी तंतोतंत जुळते.

आधी रीत पाहू. बांधीव मंदिर पायापासून कळसाकडे चढते. लेणे उलट, वरून खाली येते. पाथरवट आधी छताची पातळी पकडून आत शिरतात, छत साफ करून घेतात, मग खांबांपुरता दगड राखून मधला दगड काढत खाली उतरतात. जमीन सगळ्यांत शेवटी तयार होते. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अपुरे राहिले आहे, तिथे ही कामाची चाल अजून पाहायला मिळते. याचा परिणाम असा की जमिनीलगत काही दोष असेल, दगड कच्चा असेल, तडा असेल, झरा असेल, तर तो कळतो तेव्हा छत, खांब आणि मूर्तीचा वरचा भाग कोरून झालेला असतो. माघार घेता येत नाही. मूर्तीचे सिंहासन हा गाभाऱ्यातला सर्वांत खालचा भाग, म्हणजे छिन्नी शेवटी पोहोचते ती जागा. कथेत गाठ नेमकी सिंहासनावर आहे.

आता डोंगर. आपला दख्खनचा पठारी दगड एकाच वेळी तयार झालेला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले. प्रत्येक प्रवाहाचा मधला भाग घट्ट, तर वरचा भाग पोकळ्यांनी भरलेला. दोन प्रवाहांच्या मध्ये कित्येकदा तांबड्या मातकट दगडाचा थर असतो. पावसाचे पाणी तड्यांतून आणि पोकळ थरांतून खाली उतरते आणि घट्ट थर लागला की आडवे वाहू लागते. डोंगराच्या कुशीत तो थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. बालाघाटातले अनेक जुने झरे असेच आहेत. लेणे कोरणारे कड्याच्या पोटात आडवे शिरतात, म्हणजे त्याच पाण्याच्या वाटेत शिरतात. दगड भुसभुशीत असेल तर कोरायला सोपा, पण पाणी पाझरायलाही सोपा. धाराशिवचे लेणे अशा दगडामुळे सहज कोरले गेले आणि ओलही त्याच दगडाने दिली. पावसाळ्यात आत गेलात तर पाझर आजही पाहायला मिळतो.

म्हणून मी ही गाठ खरी मानतो. खरी म्हणजे करकंडाने घण मारला असे नव्हे. हे लेणे कोरताना पाणी लागले होते, ते दगडाच्या बुचाने अडवले होते आणि पुढे केव्हातरी ते फुटले, ही आठवण या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात असावी. कनकामरांच्या कानावर ती आली तेव्हा लेणे कोरून चार-पाचशे वर्षे होऊन गेली होती.

हीरालालजींनी तेरापुर म्हणजे आजचे तेर आणि काव्यातले लेणे म्हणजे धाराशिवचे लेणे, अशी जोड घातली. तेर हे तेरणा नदीकाठचे गाव, संत गोरा कुंभारांचे. पण गोरोबाकाकांच्या हजारभर वर्षे आधी ते 'तगर' म्हणून जगाला माहीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर येते, तिथून सुती कापड भडोचच्या बंदरात जात असल्याची नोंद येते. सोलापूरच्या वाचकाने इथे थोडे थांबावे. चादरींच्या शहराच्या शेजारी दोन हजार वर्षांपूर्वी कापडाचीच पेठ होती. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा मांडलेल्या आहेत, आणि गावातले त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर, त्याचा मागचा भाग गोलाकार असलेला, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभ्या वास्तूंपैकी आहे. तेरमध्ये महावीरांचे जुने दिगंबर मंदिरही आहे.

कापडाच्या पेठेजवळ लेणी असणे स्वाभाविक. नाणेघाट, जुन्नर, कार्ले, जिथे व्यापारी वाट तिथे लेणे, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम. दान देणारे हात वाटेवरच असतात.

नागकुमार राजाला सांगतो त्या पूर्वेतिहासात आणखी एक दुवा आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे लेणे मूळ कोरवले ते नील आणि महानील या विद्याधर भावांनी. शत्रूंनी हुसकल्यावर ते तेरापुरला येऊन राहिले होते. विद्याधर हे पुराणातले आकाशगामी लोक, तेव्हा हे वाचून कुणीही पुढचे पान उलटेल. हीरालालजींनी उलटले नाही. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य केलेल्या शिलाहार राजांच्या ताम्रपटांत त्यांचे बिरुद आहे 'तगरपुरवराधीश्वर', आणि आपला वंश ते सांगतात जीमूतवाहन विद्याधरापासून. तगर सोडून आलेले, विद्याधर म्हणवणारे राजे, आणि तगराजवळ येऊन लेणे कोरवणारे विद्याधर बंधू. दोन्हींच्या मागे एकाच घराण्याची स्मृती असावी, हा हीरालालजींचा तर्क मला पटतो. तर्कच तो, पण ताम्रपट आणि काव्य एकमेकांना न ओळखता एकच गोष्ट सांगतात तेव्हा कान द्यावा.

या लेण्यावर एक मोठा वाद आहे. काही अभ्यासकांच्या मते हे मूळचे बौद्ध विहार, नंतर जैनांकडे आलेले. त्यांचा आधार रचनेचा आहे. मधले दालन, भोवती खांब, भिंतीत खोल्या, मागे गाभारा, हा आराखडा अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांचा. बांधणीचा काळही साधारण पाचव्या ते सातव्या शतकातला मानला जातो. शिवाय जैन मुनी चातुर्मास सोडला तर एका जागी राहत नाहीत, मग इतक्या खोल्या कशासाठी, असाही प्रश्न येतो.

प्रश्न रास्त आहे, पण आराखडा धर्माच्या मालकीचा नसतो. पाथरवटांच्या टोळ्या ज्याचे दान त्याचे काम करत. त्या काळी दख्खनमध्ये मोठे लेणे म्हणजे हाच आराखडा, तो ज्यांना येत होता त्यांनी तोच कोरला. जैनांनी स्वतःची वेगळी लेणेरचना घडवली ती पुढे, नवव्या-दहाव्या शतकात, वेरूळला. तिथल्या बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, अंगणाच्या मधोमध चारी दिशांना उघडे असलेले अखंड दगडाचे मंदिर आहे, शेजारी मानस्तंभ आणि दगडी हत्ती. तिसावे लेणे तर कैलासाची छोटी प्रतिकृती. वेरूळ पाहून धाराशिवला येणाऱ्याला हे लेणे जुन्या वळणाचे वाटते, ते त्यामुळे. ते आधी कुणाचे होते यावर शेवटचा शब्द अजून पडलेला नाही. अकराव्या शतकात मात्र जैन समाज त्याला आपले तीर्थ मानत होता, पार्श्वनाथांची तिथे पूजा होत होती आणि त्याची कथा सांगितली जात होती, हे कनकामरांच्या काव्याने निर्विवाद केले आहे. मला मूळ मालकीच्या वादापेक्षा ही साक्ष मोलाची वाटते. बहुतेक लेण्यांबद्दल आपल्याला दाते कळतात. ते पाहणाऱ्यांना काय वाटले, हे क्वचित कळते. इथे एक मुनी हजार वर्षांपूर्वी आपल्यासाठी लेणे पाहून ठेवतो आहे.

आणि इथे कथा पुन्हा सोलापूरला येते. सोलापूरच्या ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४० च्या सुमारास ठरवले की आपली संपत्ती धर्म आणि समाजाच्या कामी लावायची. काय करावे हे त्यांनी एकट्याने ठरवले नाही. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्रावर, तोही लेण्यांचाच डोंगर, त्यांनी जैन विद्वानांची बैठक बोलावली. तिच्यातून जैन संस्कृति संरक्षक संघ उभा राहिला, त्यासाठी त्यांनी ३०,००० रुपये दिले आणि पुढे जवळजवळ सगळी मालमत्ता, सुमारे दोन लाखांची, संघाच्या स्वाधीन केली. १६ जानेवारी १९५७ रोजी ते वारले.

संघाने काढलेल्या जीवराज जैन ग्रंथमालेचे संपादक दोघे होते. एक कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये, दुसरे हेच हीरालाल जैन. १९४३ मध्ये यतिवृषभांच्या 'तिलोयपण्णत्ति'चा पहिला भाग निघाला. १९४९ मध्ये कृष्णकांत हंदिकी यांचा सोमदेवाच्या 'यशस्तिलका'वरचा ग्रंथ आला, १९५७ मध्ये पी. बी. देसाई यांचे दक्षिणेतील जैन धर्म आणि शिलालेखांवरचे पुस्तक. जैन इतिहासावर लिहिणारा कुठल्याही देशातला अभ्यासक आजही या पुस्तकांचा हवाला देतो आणि प्रकाशनस्थळ म्हणून सोलापूरचे नाव लिहितो. गिरण्यांच्या भोंग्यांचे शहर म्हणून सोलापूर ओळखले जात होते त्याच वर्षांत इथल्या एका व्यापाऱ्याच्या पैशातून प्राकृत ग्रंथ शुद्ध करून छापले जात होते. हा वारसा शहराने अधिक अभिमानाने सांगायला हवा.

लेणे पाहायला जाणार असाल तर 'करकंडचरिउ'तला तेरापुराचा भाग आधी वाचा. १९६४ मध्ये भारतीय ज्ञानपीठाने हे काव्य हिंदी अनुवादासह पुन्हा छापले आहे, मोठ्या ग्रंथालयांत ते मिळते. सोबत बॅटरी असू द्या, कारण मागच्या खोल्यांत आणि गाभाऱ्यात भरदुपारीही अंधार असतो. पावसाळ्याच्या अखेरीस गेलात तर ओढा वाहता असेल, डोंगर हिरवा असेल. खांबांच्या आतल्या चौकोनात उभे राहून आधी छत पाहा, तिथून काम सुरू झाले. मग गाभाऱ्यात जाऊन मूर्तीच्या पायाशी सिंहासनाकडे आणि त्याखालच्या जमिनीकडे उजेड टाका, तिथे ते संपले. मोठे लेणे झाल्यावर शेजारच्या लेण्यांकडे वळा. ती लहान आहेत, पडझड अधिक आहे, तरी खांबांची तीच मांडणी तिथेही ओळखू येते. परतताना वेळ असेल तर तेरला जा आणि विटांचे मंदिर पाहा.